गुरुपौर्णिमेला माईकवरून मिळालेला अनुग्रह: दीक्षा धरावी का?

औदुंबर
आषाढ लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात फलक दिसू लागतात: पादुकापूजन, महाप्रसाद आणि ‘इच्छुकांस अनुग्रह’, म्हणजे गुरूकडून मंत्रदीक्षा. पत्र्याच्या मांडवात दोन-तीनशे माणसं बसलेली असतात, वर पाऊस कोसळत असतो आणि महाराज माईकवरून तीनदा मंत्र म्हणतात. नाममंत्र, म्हणजे नुसतं देवाचं नाम असेल तर माझी हरकत नाही. ‘ह्रीं’सारख्या एकाक्षरी बीजांचा बीजमंत्र असेल तर मात्र हे चूक आहे. पत्र्यावर पाऊस वाजत असताना ‘ह्रीं’ आणि ‘श्रीं’ यांतला फरक मागच्या रांगेत कळत नाही. एक मायाबीज, दुसरं लक्ष्मीबीज. ज्याने चुकीचं ऐकलं तो वर्षानुवर्षं तेच घोकणार, कारण त्याच्या तोंडून ते परत कोणी ऐकलेलंच नाही.

दीक्षेत कानात सांगणं हा लहान भाग. शिष्याने मागून म्हणायचं, गुरूने ऐकायचं, चुकलं की थांबवायचं, हा मोठा भाग. मग मंत्राची अंगं, म्हणजे ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती, कीलक सांगायची, न्यास (मंत्र म्हणत शरीराच्या ठरावीक भागांना स्पर्श) हात धरून दाखवायचा. आणि या सगळ्याच्या आधी पारख. कुलार्णवतंत्र हा तंत्रमार्गाचा ग्रंथ सांगतो की शिष्याला वर्षभर पारखावं, ते नाही तर सहा महिने, तेही नाही तर तीन. मांडवात तर गुरूला शिष्याचं नावही ठाऊक नसतं.

सोऽहम्
पटलं नाही. तंत्रमार्गाचा नियम तुम्ही सगळ्यांना लावताय. रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (1903–1974) नाथपरंपरेतले. पुण्याच्या बाबामहाराज वैद्यांचा त्यांना अनुग्रह, आणि साधना सोऽहंची. तिथे न्यास नाही, होम नाही. श्वास आत जाताना ‘सो’, बाहेर पडताना ‘हं’, एवढंच ऐकायचं. परंपरेचा हिशेब दिवसाला 21,600 श्वासांचा, म्हणजे मिनिटाला 15. जे चालूच आहे त्याच्याकडे लक्ष वळवून द्यायला वर्षभराची पारख कशाला हवी?

सोहिरोबानाथ आंबिये बघा. बांद्याचे कुलकर्णी. सावंतवाडीच्या वाटेवर इन्सुलीच्या रानात फणस फोडून बसलेले असताना गहिनीनाथांनी येऊन अनुग्रह दिला, असं परंपरा सांगते. गहिनीनाथ म्हणजे निवृत्तिनाथांचे गुरू, मध्ये काही शतकं गेलेली. समर्थांना तर दीक्षा प्रत्यक्ष रामाची. भूमी तयार असेल तर देणारा क्षणात देतो, मग समोर एक बसलाय की तीनशे, याने काय फरक पडतो?

औदुंबर
सोहिरोबांची कथा तुमच्याच विरुद्ध जाते. तिथे एकाने एकाला दिलं, समोर उभं राहून. आणि पुढे त्यांनी कुलकर्णीपण सोडलं. समर्थांचं म्हणाल, तर नाशिकजवळच्या टाकळीत त्यांनी केलेला 13 कोटी जप 12 वर्षांवर भागून बघा. रोज जवळपास 29,700 येतो. जपाला एक सेकंद धरला तरी आठ तासांवर. अशा माणसाचं उदाहरण मांडवातल्या तीनशे जणांना कसं लावायचं?

सोऽहं सोपं दिसतं खरं, पण नवखा काय करतो? अक्षराला श्वास जुळवायला जातो. ‘सो’ लांबवतो, ‘हं’ जोराने सोडतो. वीस मिनिटांत डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचे हे परिणाम. पण त्याला वाटतं शक्ती जागी झाली. मग कुठेतरी वाचून वर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, सुरू करतो. हठयोगप्रदीपिका म्हणते, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसा वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो. पुढे यादीच आहे: उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं. हे वेळेवर ओळखणार तो, जो त्याला आठवड्याला एकदा तरी बघतो.

खाडीपलीकडे
माका दोघांचाय अर्धा अर्धा पटता. पण गुरू लागताच कित्याक? उच्चार ऐकूचो तर रेकॉर्ड मिळतत, न्यास पुस्तकात चित्रासकट आसत. आणि गुरू वायट निघालो तर सोडूकय येणा नाय. ‘गुरुत्यागात् भवेन्मृत्युः’, गुरू सोडलो तर मरण, म्हणान भियवतत. त्यापेक्षा घरात बसान नेमान जप केल्यान तर काय वायट?

गोमुखी
रेकॉर्ड बोलतं, पण तुमचं ऐकत नाही. अडचण तीच आहे.

नेमाने जप करणाराही कुठे घसरतो ते सांगते. गायत्रीची अक्षरं 24, म्हणून पुरश्चरण, म्हणजे ठरावीक संख्येचा संकल्प करून केलेला जप, 24 लाखांचं. माळेचे मणी 108, पण हिशेबात 100 धरायचे, वरचे आठ चुकाभुलीसाठी. रोज 30 माळा केल्या तर 3,000, म्हणजे 800 दिवस. लोक उत्साहात पहिल्या आठवड्यात 50 माळा करतात आणि महिन्याभरात 12 वर येतात. नियम असा की संकल्पाची संख्या रोज तीच ठेवायची, कमी नाही आणि जास्तही नाही. जपानंतर दशांश होम 2,40,000 आहुतींचा, त्याचा दशांश तर्पण 24,000, मार्जन (पाणी शिंपडणं) 2,400, भोजन 240 जणांना. घरच्या घरी एवढा होम कुणाला झेपणार? त्याऐवजी होमसंख्येच्या दुप्पट जप करायचा की चौपट, हे संप्रदायागणिक बदलतं, आणि कुठे काय धरायचं ते गुरूच सांगतो. पुस्तकात दोन्ही छापलेलं असतं.

माळेचंही तसंच. ती मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरू, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत यायचं. आता आपल्याकडच्या पावसाळ्यात सुती दोरा ओल धरून फुगतो, मणी अडकतात, मग माणूस झटका देऊन ओढतो आणि दोन मणी एकदम सरकतात. गोमुखीच्या, म्हणजे जपाची माळ झाकायच्या पिशवीच्या, आत हे दिसत नाही. श्रावणाआधी माळ नव्याने ओवून घ्यावी आणि गोमुखी उन्हाची तिरीप आली की वाळवावी, हे कुठल्या ग्रंथात शोधणार? जाणतं माणूस जवळ असलं की न विचारता सांगतं.

पायवाट
गुरू सोडण्याच्या भीतीबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. खाडीपलीकडे यांनी दिलेला श्लोक लोकांना पाठ असतो. कुलार्णवातला दुसरा कोणी सांगत नाही: मधासाठी भुंगा जसा एका फुलावरून दुसऱ्यावर जातो, तसा ज्ञानासाठी शिष्याने एका गुरूकडून दुसऱ्याकडे जावं. शिष्याचं वित्त हरणारे गुरू पुष्कळ, ताप हरणारा दुर्मीळ, हेही तिथलंच.

आपण स्वतःला परशुरामभूमीतले म्हणवतो. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळात जाऊन माथा टेकतो. भीष्म याच परशुरामांचे शिष्य. अंबेशी लग्न कर अशी गुरूची आज्ञा झाली तेव्हा भीष्मांनी नकार दिला. गर्वाने कार्य-अकार्य विसरलेल्या, आडवाटेला लागलेल्या गुरूपुढे मान तुकवायची नसते, या अर्थाचा श्लोक त्यांनी गुरूलाच ऐकवला. मग पायांना नमस्कार केला आणि धनुष्य उचललं.

गोपनीय असतो तो मंत्र. गुरूचं वागणं गोपनीय नसतं. दार लावून एकटीला बसवणं, ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणणं, दीक्षेआधी रक्कम ठरवणं, मागच्या जन्मीचं नातं काढणं, यातलं एक जरी दिसलं तरी उठून यावं. अलौकिक शक्तीचा किंवा मागच्या जन्मी नवरा-बायको असल्याचा दावा करून शरीरसंबंध ठेवणं जादूटोणाविरोधी कायद्यात, 2013 सालच्या, गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड.

सोऽहम्
वागण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण असं पावलोपावली तपासत राहिलं तर उरतो तो शिकवणीचा मास्तर. समर्पण कुठे गेलं? गुरुचरित्रातल्या संदीपकाने आपले गुरू वेदधर्म यांची काशीत 21 वर्षं सेवा केली. गुरूला कुष्ठ, वर शिव्याशाप. त्याने तपासत बसायचं ठरवलं असतं तर?

पायवाट
ती कथा नीट वाचा. वेदधर्मांनी सगळ्या शिष्यांना आधी बोलावून स्पष्ट सांगितलं: माझं पाप भोगायचंय, 21 वर्षं कुष्ठ होईल, आंधळा-पांगळा होईन, कोण सांभाळेल? काय वाढून ठेवलंय ते कळल्यावर संदीपक हो म्हणाला. त्याच्याकडे सेवा मागितली होती, ना धन ना देह. समर्पण त्याने केलं, कोणी उकळलं नाही.

सोऽहम्
वेदधर्मांनी आधी सांगितलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मान्य. तरी सामूहिक नामदीक्षा वाईट, हे मी अजून मान्य करत नाही. तीनशेंतले दहा जण जरी रोज बसू लागले तरी ते व्हावं.

औदुंबर
नामासाठी मीही हो म्हणतोय, पहिल्यापासून. मग आयोजकांनी एक करावं: त्या दहा जणांना दर पंधरवड्याला कोणी जुना साधक भेटेल, त्यांचं म्हणणं ऐकेल, अशी सोय फलकावरच लिहावी.

खाडीपलीकडे
एक शेवटचा इचारतंय. गुरू सोडलो तर त्याचो मंत्र ठेवूचो काय टाकूचो?

गोमुखी
नाममंत्र असेल तर चालू ठेवा, नाम कुणाच्या मालकीचं नसतं. बीजमंत्र असेल तर संख्येचा संकल्प तिथेच थांबवा, आजवरचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि रोज एकच माळ इष्टदेवतेच्या नामाची करा. नवीन गुरू मिळाले की वही त्यांच्यापुढे ठेवा. पहिल्या भेटीत त्यांना मंत्र म्हणून दाखवा, आणि ते ऐकून घेतात की नुसती मान हलवतात, ते बघा.