मदत हवी आहे: रमजानच्या टी-शर्टवर काय छापू?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीची, कोकणी मुसलमान. दर रमजानला ऑफिसात तोच प्रश्न, "पाणीपण नाही?" यंदा उत्तर छातीवरच छापणार: "हो, पाणीसुद्धा नाही!" दुसरा टी-शर्ट "तुम्ही मराठी किती छान बोलता" म्हणणाऱ्यांसाठी: "तुम्हीपण!" कुराणातली आयत (वचन) किंवा अल्लाहचं नाव मात्र नको, कपडा धुण्यात, पायाखाली जातो. अम्मी म्हणते, लोक काय म्हणतील. (पहिला तिलाच हवाय.)

अडचण छपाईची. नग वीसच, आणि स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणून महाग पडतं. डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवतात ते) धुतल्यावर तडकतं का? जोडाक्षरं नीट उठतील असा जाड देवनागरी फॉन्ट कोणता? आणि तिसरी ओळ सुचवा, बिर्याणी सोडून!