वेफर्सचं पाकीट धुऊन काय उपयोग?

कोथरूडकर: कालच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, "सगळं प्लास्टिक धुऊन वाळवून द्या, सगळं रिसायकल होतं. लोक आळशी आहेत." पाच वर्षं धुतोय हो मी! दुधाच्या पिशव्या भंगारवाला किलोवर घेतो. वेफर्सची पाकिटं हातही न लावता परत करतो. त्यात प्लास्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा एकजीव झालेले असतात, ते सोडवणं कुणाला परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. जाळण्याला रिसायकल म्हणू नका. ती पाकिटं घरात आणणंच कमी करायला हवं.

मृण्मयी_स: ते मीच लिहिलं होतं. 'आळशी' मागे घेते, बाकी नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकतात, तो एवढासा तुकडा कोण वेचणार? आणि डायपरचं काय? आपल्या आयांनी लंगोटांवर भागवलंच ना?

चिपळूणची: लंगोट! माझी जुळी जूनमध्ये झाली. आठ-आठ दिवस ऊन नाही, घरभर ओल्या कपड्यांचा कुबट वास. तुम्ही स्वतः धुतलेत का कधी?

मृण्मयी_स: धुतलेत. दोन मुलांचे, विहिरीचं पाणी शेंदून.

चिपळूणची: घरात आणखी बायका असतील. मी एकटी, नोकरी करून. आणि कचरा कमी करायचा म्हटलं की धुणं बायकांच्याच वाट्याला का येतं?

कोथरूडकर: अहो, विषय पाकिटांचा होता.

वेचकाचा_मुलगा: विषय हाच आहे. माझी आई पुण्यात कचरा वेचायची. उघडे पॅड, डायपर हाताने बाजूला करायची आणि घरी येऊन जेवायची नाही. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता आत काय ते कळतं, एवढंच 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका मागतात. 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं, की गुंडाळायची पिशवी कंपनीनेच पॅडच्या पाकिटाबरोबर द्यायची. तुमच्यापैकी किती जणांनी ती दुकानात मागितली?

मृण्मयी_स: मी नाही मागितली. वेफर्सच्या पाकिटांचंही मान्य, पण दुधाच्या पिशव्या धुवा हे मी सांगतच राहणार.

चिपळूणची: ठिपका आजपासून काढते. लंगोट उन्हाळ्यात, तेही दिवसा. पावसाळ्याचं मला कुणी सांगू नका.