मदत हवी आहे: युनियनची वर्गणी भरते, पण पुढे काय करायचं ते कळत नाही (सोलापूर)

दोरेवाली

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात पॅकिंगला आहे. शिलाई होऊन आलेला टॉवेल उलटसुलट बघायचा, लोंबणारे दोरे कापायचे, घडी, लेबल, डझनाचा गठ्ठा. संध्याकाळी घरी जाते तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, मुलगी म्हणते आई म्हातारी होऊन आली. चौथं वर्ष चालू आहे. आमच्या खात्यात आम्ही एकोणीस बाया. आमची नावं कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीत, ठेकेदाराच्या वहीत आहेत.

दोन वर्षांपूर्वी मागावरचे एक काका पावतीपुस्तक घेऊन आले. मी आणि आणखी चौघींनी वर्गणी भरली. पुन्हा वर्ष झालं, पुन्हा पावती फाडली. बास. एवढंच माझं युनियनमधलं काम. पावत्या डब्याच्या पिशवीत ठेवल्यात, एकीवर लोणच्याचं तेल सांडलंय.

आता लिहायचं कारण. गेल्या दिवाळीत मागावरच्या लोकांना बोनस मिळाला. आम्हाला मिठाईचा पुडा आणि एकेक टॉवेल. टॉवेल सेकंडचा, म्हणजे खोट असलेला होता. त्याला सेकंडचा म्हणून बाजूला मीच काढलेलं असणार, कडेची शिवण मला ओळखू आली. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

नंतर मी एकदा युनियनच्या सभेला गेले. चाळीसेक पुरुष, मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. सगळे एकमेकांना ओळखणारे, अर्धं बोलणं तेलुगूत. तेलुगू मला येतं, घरची भाषाच ती, पण कुणी विचारलंच नाही की बाई तू कोण, कशाला आलीस. शेवटी सगळ्यांबरोबर चहा पिऊन घरी आले. सभा साडेसातला संपली, घरी पोचायला सव्वाआठ, सासूबाई दारात.

आम्ही कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहतो. घर आईच्या नावावर आहे, ती विडी वळायची. दहा हजार घरांची ही वसाहत विडी कामगार बायांनी किती मोर्चे काढून मिळवली ते इथल्या पोराठोरांना पाठ आहे. आई मला कडेवर घेऊन कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चांना जायची. म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "मोर्चाला जायला काय लागतंय? दुसऱ्या दिवशी कामावर जायला लागतंय." पुढे काही बोलली नाही.

तर मला विचारायचंय की नुसती वर्गणी भरणारीने कामात शिरायचं कसं? कुणाकडे जाऊन काय म्हणायचं? आणि ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं तर? बारावी झालेली आहे, मोबाईलवर मराठी टायपिंग चांगलं जमतं. सभेत उभं राहून बोलणं मात्र जमणार नाही, हे आधीच सांगते.

मागाखालचा

ताई, तीस वर्षं माग चालवलाय, त्यातली बावीस वर्षं युनियनमध्ये. सांगतो ते ऐक.

"मी काय करू" असं कुणाला विचारायला जाऊ नको. असं विचारणारे रोज येतात, त्यांना सगळे "सभेला येत जावा" म्हणतात आणि विसरतात. तू जाऊन पावतीपुस्तक माग. "पॅकिंगच्या एकोणीस जणींची वर्गणी मी गोळा करते" एवढंच म्हण. पुस्तक हातात आलं की तू युनियनची माणूस झालीस, कुणी ठराव करायची गरज नाही.

पुस्तकाचं काम साधं वाटतं, तसं नाही. पैसे घेतले की तिथल्या तिथे पावती, कार्बन नीट बसलाय का बघायचं, नाहीतर खालची प्रत कोरी निघते आणि मग तू आणि खजिनदार भांडत बसता. जमा झालेले पैसे घरी ठेवायचे नाहीत. त्याच आठवड्यात भरायचे, भरल्याची सही घ्यायची. आमच्यात एका चांगल्या माणसाचं नाव फक्त या सहीपायी खराब झालं. पैसे त्याने खाल्ले नव्हते, आजारी पोरावर खर्च केले, परत भरले, पण मधले दोन महिने लोक बोलायचं ते बोलले.

आणि वर्गणी घेताना बाया आपणहून बोलतात. कुणाची हजेरी कापली, कुणाला ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड नाही. ते ऐकून घे. युनियनच्या निम्म्या मागण्या अशाच गोळा होतात बघ, सभेत नव्हे.

सरळसोट

कटू बोलतो, पण बोलतो. ठेकेदाराच्या बायकांसाठी कुठलीही युनियन भांडत नाही. मागावरचे कायम, त्यांचा बोनस झाला, विषय संपला. तुमची वर्गणी त्यांच्या चहाला जाते. चार वर्षं टिकलेली नोकरी कशाला धोक्यात घालता? शिलाई मशीन घ्या, घरी काम सुरू करा.

मागाखालचा

@सरळसोट, चहा आमचा आम्ही पाजतो. पण तुमचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. ठेक्यावरच्या बायांकडे आमचं दुर्लक्ष झालंय. म्हणून तर ही पोरगी पाहिजे.

कलमदान

मी वकील नाही. कामगार कायद्यांची कागदपत्रं तयार करण्यात आयुष्य गेलं, तेवढ्यावर लिहितो.

बोनसचं आधी. वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्याला बोनस लागू होतो, महिन्याची कमाई २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने वर्षाला एक पगार. तो मोजताना महिन्याचा पगार जास्तीत जास्त ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त असेल तेवढाच धरतात. ठेकेदाराकडे आहात म्हणून हक्क बुडत नाही. द्यायचा कुणी, ठेकेदाराने की मालकाने, एवढाच वाद असतो आणि त्या वादात दोघंही हात झटकतात. टॉवेल आणि मिठाई म्हणजे बोनस नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

आता काढून टाकायची भीती. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा. युनियनमध्ये गेलीस तर काढू अशी धमकी देणं, युनियनच्या कामाचा राग धरून काढणं, या त्यात अनुचित प्रथा आहेत. तक्रार ९० दिवसांत करावी लागते, ही मुदत लक्षात ठेवा, अनेकांची केस इथेच संपते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला. तिथेही युनियनच्या कामाबद्दल छळ करणं हे अनुचितच आहे.

पण ठेक्यावरच्या माणसाने एकट्याने मालकाविरुद्ध १९७१ च्या कायद्याखाली जाऊ नये. मालकाचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, ही आमची कामगारच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या सिप्ला निकालानंतर हा बचाव भक्कम झाला आहे: कामगार कोणाचा हेच वादात असेल, तर ते आधी दुसऱ्या न्यायमंचापुढे ठरवून घ्यावं लागतं. म्हणून हे युनियनमार्फत, एकोणीस जणींनी मिळून आणि पुराव्यानिशी करायचं. तुमच्याकडे पुरावा काय आहे? पगाराची चिठ्ठी मिळते का?

दोरेवाली

सगळ्यांचे आभार. सरळसोट, तुमचाही राग नाही, घरात रोज हेच ऐकते.

पगाराची चिठ्ठी नाही मिळत. ठेकेदार रोख देतो, त्याच्या वहीत सही घेतो. पण मी स्वतः वही लिहिते. आईची सवय. ती रोज कारखान्यात किती विड्या दिल्या आणि छाटीत, म्हणजे खराब म्हणून, किती गेल्या ते लिहायची, म्हणजे मी लिहून द्यायचे, तिला लिहिता येत नव्हतं. तशीच माझी चालू राहिली. तारीख, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, किती डझन, कुणाच्या हाताखाली. चार वर्षांच्या तीन वह्या भरल्यात. मला वाटायचं खुळ्यासारखं करतेय.

आणखी एक विचारायचं होतं. युनियनमध्ये काम करायचं तर पक्षात जावं लागतं का? घरच्यांना त्याचीच जास्त धास्ती आहे.

कलमदान

वह्या! ताई, त्या आजच्या आज घरातल्या कोरड्या जागी ठेवा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोबाईलवर फोटो काढा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवा. मूळ वही कुणालाही देऊ नका, युनियनच्या अध्यक्षांनाही नाही. झेरॉक्स द्या. रोजच्या रोज, एकाच हातात, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेली वही आहे ना? तिची किंमत मागाहून एका बैठकीत लिहिलेल्या वहीला येत नाही, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

पक्षाचं: नाही, सक्ती नाही. युनियनला राजकीय कामासाठी पैसे जमवायचे असतील तर वेगळा निधी ठेवावा लागतो आणि त्यात पैसे दिले नाहीत म्हणून सभासदाला कमी लेखता येत नाही. तसंच युनियनच्या हिशोबाच्या वह्या बघायचा हक्क सभासदाला आधीही होता, नव्या संहितेतही आहे. सरळसोट यांना चहाची शंका असेल तर सभासद होऊन बघू शकतात. :)

काउंटर नंबर दोन

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात बँकेत. आमच्या युनियनच्या शाखेत मी अकरा वर्षं आहे. दोरेवाली, तुझं सभेचं वर्णन वाचून हसू आलं, कारण अगदी तसंच झालं होतं माझं. फक्त आमच्याकडे चहाबरोबर बिस्किट होतं.

सभेची वेळ ही अडचण "माझी" म्हणून सांगू नकोस. "सात वाजता सभा ठेवली तर पॅकिंगची एकही बाई येणार नाही, मग ठराव कुणाच्या वतीने करणार?" असं लिहून दे. तोंडी सांगितलं की माना डोलावतात. कागद दिला की उत्तर द्यावं लागतं. आम्ही जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांची बायकांची बैठक सुरू केली. वीस मिनिटांत भाषण होत नाही, त्यामुळे कामाचं बोलणं होतं.

आणि सभेत बोलायचं नसेल तर बोलू नकोस ना. इतिवृत्त लिही. जो इतिवृत्त लिहितो त्याला सगळे विचारतात, "मागच्या वेळी काय ठरलं होतं?" हळूहळू तुझ्याशिवाय सभा सुरू होत नाही. आमचे सेक्रेटरी मोठे बोलणारे, पण निवेदनावर काय लिहिलंय हे त्यांनाही मलाच विचारावं लागतं.

विजापूर वेस

एक बारीक गोष्ट. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात निवेदन देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. साहेब जागेवर नाहीत म्हटलं तरी आवक-जावकच्या टेबलावर मिळतो. पूनम गेटला धरणे दिलं आणि पेपरात फोटो आला म्हणजे निवेदन पोचलं, असं होत नाही. शिक्क्याशिवाय ते पोचलेलंच नसतं.

बारा जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यापाशी गर्दी असते, युनियनवालेही येतात. घरच्यांना घेऊन या. १९३१ साली फाशी गेलेल्या चौघांतले कुर्बान हुसेन कामगारांतच काम करायचे. सासूबाईंना हुतात्म्यांना हार घालायला नेताय म्हटल्यावर त्या काय नाही म्हणणार? तिथेच ओळखी होतील, सभेपेक्षा सहज.

दोरेवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

मागाखालचा काकांनी सांगितलं तसंच केलं. पावतीपुस्तक मागितलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, पुढच्या महिन्यात. तिसऱ्यांदा मी वहीची झेरॉक्स दाखवली, मागच्या दिवाळीआधीच्या सगळ्या तारखा. खजिनदारांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि पुस्तक दिलं. म्हणाले, "तुमच्या खात्यात आणखी कुणी लिहितं का असं?" कुणी नाही लिहीत.

एकोणीसपैकी चौदा पावत्या फाडल्या. दोघींनी नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. एक उघड नको म्हणाली, तिचा दीर ठेकेदाराकडेच आहे, तिचं बरोबर आहे. बाकीच्या दोघी अजून विचार करतायत. पहिल्याच पावतीला कार्बन उलटा लागला होता, काका, तुमची आठवण झाली.

ठेकेदाराने परवा विचारलं, "काय गं, लीडर झालीस का?" मी म्हटलं नाही, वर्गणी घेते. तो हसला. मला रात्री झोप लागली नाही. सकाळी आईने न विचारता डबा भरून दिला आणि गेटपर्यंत रिक्षात बरोबर आली, म्हणाली तिला एमआयडीसीत काम आहे. काही काम नव्हतं.

आता मला चौदा जणींची यादी करायचीय: नाव, कधीपासून कामाला, मागच्या वर्षी किती दिवस भरले. बाकीच्यांकडे वह्या नाहीत, त्यांचे दिवस कसे काढायचे? माझ्या वहीत कोण कोण हजर होतं तेही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे, ते चालेल का? आणि अशा यादीचा नमुना कुणाकडे आहे का?

कलमदान

चालेल, पण "वहीवरून" असा वेगळा रकाना ठेवा. जिथे बाईच्या स्वतःच्या आठवणीवरून लिहिलंय तिथे तसंच लिहा, दोन्ही मिसळू नका. ईएसआय किंवा पीएफ कापलं जात असेल तर त्यांच्या नोंदीत महिने सापडतील, ते आधी बघा. नमुना आज रात्री टंकून इथेच टाकतो.