मालिकेतली नायिका वेळेवर तोंड का उघडत नाही?

आभा_ठाणे
काल आईकडे गेले होते. साडेसातला ती मेथी निवडायला घेऊन टीव्हीसमोर बसली, मीही बसले. नायिकेवर दागिने चोरल्याचा आळ आलेला. खरा चोर कोण, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सासू विचारते, "बोल, खरं काय ते सांग." मग प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा, ढाण ढाण संगीत, नायिकेच्या डोळ्यांत पाणी, आणि ती मान खाली घालते! घराची शांती बिघडू नये म्हणून. जुडी निवडून झाली, भाग संपला, बाई गप्पच.

प्रोमोमध्ये हीच मुलगी वकील होती हो! लग्न झालं आणि काळा कोट कपाटात गेला. स्वतःची बाजू मांडता येत नाही ती कसली वकील?

राग याचा येतो की आपल्याकडे हे जमलेलं आहे. १९८५ साली दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' फसवणाऱ्याला तिथल्या तिथे जाब विचारायची. १९९९ मध्ये 'आभाळमाया'त सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आली. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, तरी बाई कॉलेज सांभाळून ताठ उभी. आणि आता हे!

सईची_आजी
मला नाही पटलं. 'आई कुठे काय करते' मी २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या नोव्हेंबरात संपेपर्यंत पाहिली. अरुंधतीही आधी गप्पच होती. मीही होते. पंचवीस वर्षं मान खाली घातलेली बाई एका रात्रीत बोलायला लागत नाही गं. 'रजनी' मला आवडायची, पण तिच्यात मी कुठेच नव्हते. अरुंधतीचा घटस्फोट झाला तेव्हा शेजारीण माझ्याकडे बसून रडली होती. पुढच्याच महिन्यात तिने बँकेत स्वतःच्या नावाचं खातं काढलं. पासबुक मला दाखवायला आणलं होतं. अशा मालिकांना नावं ठेवताना जरा थांब.

आभा_ठाणे
आजी, पासबुकाचं वाचून खरंच भरून आलं. अरुंधतीच्या गप्प बसण्याला कारण होतं, ते पटत होतं. म्हणून तर मूळची बंगाली गोष्ट मराठीत आणि 'अनुपमा' म्हणून हिंदीतही चालली. पण घटस्फोटानंतर काय? मोकळी झालेली बाई पुन्हा मुलांच्या संसारातली भांडणं मिटवत बसली. माझा आक्षेप तिथे आहे.

संवादवाला
मी दोन मालिकांचे संवाद लिहिलेत. रोज साधारण बावीस मिनिटं भरायची असतात. नायिका सोमवारी खरं बोलली तर मंगळवारी काय दाखवायचं? आळाचा ट्रॅक तीन आठवडे चालवायचा, असं वरून ठरलेलं असतं. गुरुवारी टीआरपी येतो, आणि ती रडली त्या आठवड्याचा आकडा वर असतो. तो आकडा तुम्हीच देता ना?

रमेश_सांगली
प्रेक्षकांवर ढकलू नका साहेब. आमच्याकडे एकच टीव्ही. भाकऱ्या होईस्तोवर जे लागेल ते घरातली सगळी बघतात, त्याला पसंती म्हणायचं का? आणि सगळे नायिकेबद्दलच बोलताय, त्या नायकाचं काय? बायकोवर आळ आला की हा नेमका मीटिंगला. परत आला की आईच्या तोंडाकडे बघणार. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, तोही शेजारी बसून हे बघतो. नवरा म्हणजे असा, हे त्याच्या डोक्यात बसू नये असं मला फार वाटतं.

सईची_आजी
रमेशराव, हे मात्र शंभर टक्के खरं. अरुंधती बदलली, तिचा नवरा अनिरुद्ध काही बदलला नाही.

आभा_ठाणे
संवादवाले दादा, ट्रॅक लांबवायचाच असेल तर तिला बोलू द्या आणि बाकीच्यांना विश्वास ठेवू देऊ नका. पुरावे गोळा करू दे, कोट पुन्हा अंगावर चढू दे. तीन आठवडे सहज निघतील, आणि ती वकील आहे हेही दिसेल. आईला विचारलं, तू असतीस तर? "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," म्हणाली. आज साडेसातला ती परत लावणार आहे, आज तरी पोरगी बोलेल म्हणून.