मदत हवी आहे: हॉट एअर ब्रशने सेट केलेले केस हेल्मेटखाली टिकतात का?

मोगरा:

नमस्कार मंडळी,

केसांवरचे जुने धागे चाळले, पण सगळीकडे तेल आणि केसगळती. म्हणून नवा धागा काढतेय.

दिवाळीच्या सेलमध्ये हॉट एअर ब्रश घेतला. जाडजूड लंबगोल डोक्याचा, दातांमधून गरम हवा सोडणारा, ब्लोअर आणि गोल ब्रश एकातच असलेला. (केस सरळ करायचा तापणारा कंगवा वेगळा, त्यात हवा नसते.) माझे केस खांद्याच्या खाली चार बोटं, दाट, धड सरळ नाहीत की धड कुरळे नाहीत. पार्लरवाली ताई ब्लो ड्राय करून देते तेव्हा दुसऱ्या दिवशीसुद्धा बरे दिसतात. घरी केले की आरशासमोर छान, पण नाशिकमध्ये इंदिरानगरहून स्कूटीने सातपूरला पोचून हेल्मेट काढलं की वरचे केस टाळूला चिकटलेले, खालचे पिंजारलेले आणि टोकांचा बाक गायब!

हेल्मेट घालू नकोस, असं कृपया कोणी सांगू नका. २०२१ मध्ये आपल्याकडे 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं तेव्हाची सवय आहे आणि सकाळचं ट्रॅफिक बघता ती मोडायची नाही.

माझी पद्धत अशी: सकाळी न्हायचं, टॉवेलने टिपायचं, लगेच ब्रश. वेळ कमी म्हणून सगळ्यात जास्त तापमान. डावीकडून एक मोठी बट, उजवीकडून एक, मागचे जमतील तसे. शेवटी सिरम. सासूबाईंचं म्हणणं, रोज असलं गरम वारं घेतलं तर चाळिशीत टक्कल पडेल. ते जाऊ दे, पण केस खरंच किती खराब होतात? ब्रशवर थंड हवेचं निळं बटण आहे, ते नक्की कशासाठी? आणि अमेरिकेहून मामीने असाच एक ब्रश पाठवलाय, त्यावर १२० व्होल्ट लिहिलंय. पिन बदलायचा अडॅप्टर लावून चालेल का?

---

खडूस:

अंबाडा. हेल्मेट, पाऊस, सासूबाई, सगळ्यांना पुरून उरतो.

---

बोर्डावरचा फ्यूज:

केसांतलं मला काही कळत नाही, पण मामींचा ब्रश लावू नका. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की तापणाऱ्या तारेतली वीज साडेतीन पटींच्या वर जाते, म्हणजे ११०० वॉटचा ब्रश क्षणभर ४००० वॉट ओढायला बघेल. मग धूर. लेबलवर १००–२४० असं लिहिलेलं असेल किंवा व्होल्टेज निवडायचा खटका असेल तरच चालेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण एवढा वॉटेज पेलणारा घेतलात तर तो ब्रशपेक्षा जड. त्या पैशात इथला दुसरा ब्रश येईल.

तुमचा इथला ब्रश १२०० वॉटचा धरला तर साधारण सव्वापाच अँपिअर घेतो. भिंतीवरचा चांगला ६ अँपिअरचा सॉकेट चालतो. पण मोबाईल चार्जरसाठी आणलेली बारीक वायरची एक्स्टेन्शन नको आणि लाईट गेल्यावर घरच्या लहान इन्व्हर्टरवर तर नकोच. बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर उभं राहूनही नको.

---

आबोली_ना:

मोगरा, मी पार्लरचा कोर्स केलाय, धंदा केला नाही, त्यामुळे ज्ञान घरच्यांवर खर्च होतं. :)

तू पार्लरमधलं तेच करतेस असं वाटतं खरं, पण ताई आधी काय करते ते आठव. ब्रश हातात घ्यायच्या आधी ती नुसत्या ब्लोअरने, बोटांनी केस उडवत, पाऊणएक ओल काढते. गोल ब्रश त्यानंतर. हॉट एअर ब्रशच्या खोक्यावर 'ओल्या केसांपासून स्टाईलपर्यंत' वगैरे लिहिलेलं असतं, पण दाट केसांत ते खोटं पडतं. बाहेरचा थर कोरडा होतो, आतला ओलाच राहतो आणि पंधरा मिनिटांत आतली ओल बाहेर येऊन केलेलं सगळं सैल करते. हातांना ओलसर गार लागतील पण पाणी निथळणार नाही, इतके सुकू देत आणि मगच ब्रश लाव.

हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम) ओलसर केसांना, ब्रशच्या आधी, मधल्या भागापासून टोकांपर्यंत. चमक देणारं सिरम शेवटी आणि तेही थेंबभर. खोबरेल लावून त्यावर ब्रश फिरवू नकोस, केस चपटे होतात आणि दातांत राप बसतो.

आता बटा. तू दोन-तीन भागांत उरकतेस, तिथेच गडबड आहे. कानापासून कानापर्यंत भांग पाडून वरचे केस क्लचरने डोक्यावर बांध. खालचे आधी. बट ब्रशच्या रुंदीपेक्षा मोठी नको. मुळाशी ब्रश खालून घालून बट वर आणि तिच्या पडण्याच्या उलट दिशेला ओढायची, कारण फुगवटा मुळाशी येतो, टोकाशी नाही. मग ताण ठेवून हळू खाली. टोकं ब्रशवर गुंडाळायची, पाच-सात सेकंद गरम, आणि तशीच गुंडाळलेली ठेवून निळं बटण, पुन्हा तेवढाच वेळ. मगच अलगद उलगडायची. कपाळावरचे केस सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंना आलटून-पालटून, नाहीतर तिथे जुन्या बातमीदारबाईंसारखा कोंबडा येतो.

तापमान मधलं पुरे. पहिले काही दिवस हात भरून येतील. सुट्टीच्या दिवशी सराव कर, सोमवारी नको.

---

गंधक:

निळ्या बटणामागचं कारण सांगतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्यातल्या साखळ्या एकमेकींना ज्या बंधांनी धरून असतात, त्यांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस सुकून गार होताना नव्याने जुळतात. त्या वेळी केस ज्या आकारात धरलेला असेल तो आकार टिकतो. इस्त्रीचा शर्ट गरम असतानाच कोंबून ठेवला की चुरगळतो, तसंच. तुमची बट ब्रशवरून गरम असतानाच सुटते आणि हेल्मेटखाली, हेल्मेटच्या आकारात गार होते. त्यात घाम. पाणी मिळालं की बंध पुन्हा सुटले. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानेही तेच होतं, म्हणून जुलैमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. पार्लरमधलं कायमचं स्मूदनिंग वेगळं. त्यात रसायनाने गंधकाचे, म्हणजे डायसल्फाइड बंध तोडून पुन्हा जोडतात. ब्रश तिथपर्यंत पोचत नाही.

खराब होण्याबद्दल: २०११ मध्ये कोरियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केस धुऊन वेगवेगळ्या अंतरांवरून ब्लोअरने वाळवून पाहिले. जवळून आणि जास्त गरम, तितकी पृष्ठभागाची हानी जास्त. पण १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत वाळवलेले केस एकंदरीत नुसते वाऱ्यावर वाळवलेल्यांपेक्षा बरे निघाले, कारण बराच वेळ ओले राहिल्याने केसाच्या आतल्या थराला त्रास होतो. अर्थात हे ब्लोअरचं. तुमच्या ब्रशमध्ये अंतर शून्य, त्यामुळे यावरून ब्रश निर्धोक असं म्हणता येणार नाही. चिंब केसांवर फार गरम काही टेकवलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो.

टक्कल मात्र मुळांच्या कारणांनी पडतं. ब्रशने केस तुटतील, दुभंगतील, पण मुळं जाणार नाहीत. सासूबाईंना सांगा किंवा नका सांगू.

---

मोगरा:

बापरे, किती शिकायला मिळालं! मामींचा ब्रश खोक्यात परत गेला. फ्यूजदादा, आभार.

रविवारी आबोलीताईंच्या पद्धतीने केलं. वेळ दुप्पट लागला, पण खरंच फरक आहे. संध्याकाळी कॉलेज रोडला गेलो (गाडीने, हेल्मेट नाही) तेव्हा टोकं जागेवर होती. आज मात्र ऑफिसात पोचेपर्यंत टोकं टिकली, टाळूवरचा फुगवटा नाही. त्याचं काय? आणि आमच्या सोसायटीत टँकमध्ये बोअरचं पाणी मिसळतात, त्याने काही होतं का?

---

आबोली_ना:

हेल्मेटखाली फुगवटा राहत नाही गं, कोणाचाच. टोकांवर आणि कपाळावरच्या केसांवर मेहनत कर, टाळू सोड. निघण्याआधी दहा मिनिटं केस पूर्ण गार होऊ देत, तोवर डबा भर. भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडून हेल्मेट घाल, आत सॅटिनचा पातळ स्कार्फ. पोचल्यावर मान खाली घालून बोटांनी मुळं उचल आणि भांग जागेवर आण. न्हाणं आदल्या रात्री ठेवलंस तर सकाळी फक्त वरवर फिरवायचा उरतो, रोज मुळापासून तापवायला नको. मी तर आठवड्यातून दोनदाच करते.

बोअरचं पाणी जड असेल तर केस राठ लागतात, क्षारांचा थर बसतो. शेवटचा तांब्या तरी पालिकेच्या पाण्याचा किंवा फिल्टरचा घे.

---

बोर्डावरचा फ्यूज:

एक राहिलं. ब्रशच्या दांड्याच्या बुडाला हवा ओढायची जाळी असते, तिच्यात केस आणि धूळ अडकते. ती तुंबली की ब्रश जास्त तापतो आणि मध्येच बंद पडतो. पिन काढून, पूर्ण गार झाल्यावर, जुन्या कोरड्या टूथब्रशने महिन्यातून एकदा झाडा. वायर दांड्याभोवती आवळून गुंडाळू नका, तुटते ती तिथेच.

---

खडूस:

आमच्या हिने हा धागा वाचला. ब्रश मागवलाय. मोगराताई, धन्यवाद.