प्रतिसाद: सोडू नका, खालच्या पायरीवर या
भाऊ, तुम्ही लिहिलं की फाइव्ह बीएक्स, म्हणजे घरी करायच्या व्यायामाचं वेळापत्रक, थेट तिसऱ्या चार्टपासून (चार्ट म्हणजे त्यातला कठीण होत जाणारा टप्पा) सुरू केलं अन् आता गुडघे दुखून राहिले, तर बंद करू का. दुखतंय तोवर आराम द्या, मग पहिल्या चार्टच्या अगदी खालच्या पायरीपासून चालू करा! कॅनडाच्या हवाई दलासाठी बिल ऑर्बननी बनवलेलं हे, रोज 11 मिनिटं, पाच व्यायाम, हळूहळूच वाढवायचे, अन् त्यातली 6 मिनिटं तर जागच्या जागी धावायचं आहे, ते फरशीवर अनवाणी केलं तर गुडघ्यांवर येणारच ना, बूट घाला. दम लवकर वाढते, सांध्यांना वेळ लागते. वाकून बोटं टेकवताना झटके नका देऊ. अन् नागपूरच्या मे महिन्यात पहाटेच उरका बाप्पा, ऊन तापलं की घरातही जीव घाबरते. तरी दुखलंच तर हाडांच्या डॉक्टरला दाखवाच.