यात्रा, वार, अमावस्या: देवाधर्मापायी घरचा पैसा कुठं गेला, कुठनं आला?

पाटल्या: काल आत्तेभावाकडनं लक्ष्मीच्या यात्रेचं आवतण आलं, त्यांच्या गावात बऱ्याच वर्षांनी भरायली. कार्ड बघितल्यावर आमच्या गावची आठवली. मी आठवीत. खताला म्हणून उचललेलं पीककर्ज बाबांनी बकरी आणि घराच्या रंगात घातलं, वर आईच्या पाटल्या सोनाराकडं. दोन दिवस पंगती उठतच होत्या, आई चुलीपुढनं उठली ती फक्त लेकीबाळींच्या ओट्या भरायला. पाटल्या सोडवायला तीन वर्षं, त्यातली एक सुटलीच नाही. मला लै वर्षं राग होता. पण बाबा ऑपरेशनला अ‍ॅडमिट झाले तेव्हा न मागता पैसे घेऊन आलेला मामा त्याच पंगतीतला. आता ह्याला खर्च म्हणायचं की भिशी? तुमच्याकडचं सांगा.

कडोलीकर: आणि वार? ते कोण सांगणार? यात्रेआधी मंगळवार शुक्रवार शेतात पाय टाकायचा न्हाई, मसूर वाळून तडकायलीय आणि आम्ही कट्ट्यावर बसलोय. आजोबा म्हणायचे देवीचा वार. आज्जी हळूच म्हणायची, बैलाला आणि बाईला सुट्टी मिळती ती तेवढीच, गप बसा.

मांडेवाली: आज्जी 🙏🙏

लालमाती: आमचं उलटं, आम्हाला देवच पोसतोय. रताळी लावतोय. नवरात्र आलं की दिल्लीकडं गाड्या भरून जातात, तिकडची माणसं नऊ दिवस उपास करतात म्हणून इकडं आमच्या पोरांच्या फिया भरतात. आमच्या घरात उपास कोणच करत नाही हां. आणि पाऊस लांबून काढणी मागं पडली की दसऱ्यानंतर तोच माल कोण विचारत नाही, मग रताळ्याची पोळी, रताळ्याची भाजी, पोरं ताट ढकलतात

रविवारपेठ: लग्न होऊन कोल्हापूरहून इथं बेळगावला आले. माहेरी अमावस्येला काही नवीन करायचं नाही, प्रवाससुद्धा टाळायचा. इथं सासऱ्यांच्या दुकानात अमावस्येला पूजा, नारळ, पेढे, शेजारच्या कन्नड ट्रकवाल्यांच्या गाड्या धुऊन हार घालून उभ्या. पहिल्या महिन्यात मी घाबरून सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं आहे, मुहूर्त पण दोन्ही चालवायचे.

मांडेवाली: @रविवारपेठ ताई तुमच्याकडं होलसेल साखर काय भाव? मांड्यांची ऑर्डर आहे

रविवारपेठ: दुपारी फोन करा, आत्ता पोळ्या चालल्यात.

एमएनापास: आम्हाला एमएला वेबर होता, तो जर्मन समाजशास्त्रज्ञ. 1904-05 मध्ये लिहिलंय त्यानं, ख्रिश्चनांतले प्रोटेस्टंट लोक काम हेच देवाचं बोलावणं समजायचे, चैन करायची नाही, मग साठलेला पैसा परत धंद्यात. हिंदूंच्या जाती आणि कर्मामुळं इथं तसली भांडवलशाही आपणहून उगवली नाही, असं पण म्हणतो. मी सरांना म्हटलं त्यानं आमची होलसेल बाजाराची रविवार पेठ बघितली नाही. वर्गाबाहेर काढलं.

शहापूरचा: 😂😂 आणि लिंगायतांचे बसवण्णा? बाराव्या शतकात त्यांच्या लोकांचं कायकवे कैलास. काम हाच कैलास, आणि कमाईतलं दासोहाला, म्हणजे दुसऱ्याच्या पोटाला. आमचे घरमालक लिंगायत, पहाटे पाचला दुकान उघडायचे, मठाला पोतंभर ज्वारी, आमच्या दारात कधी पण कोण आलं तर जेवायला बोलवायचे. भाडं मात्र एक दिवस उशीर चालायचं नाही.

उद्यमबाग: माझा पार्टनर मुसलमान, व्याज हराम मानतो. बँकेत पडलेलं व्याज दर वर्षी हिशोब करून बाजूला काढतो नि गरिबाला देतो, स्वतःला एक रुपया नाही. लोन काढून मशीन घ्यायचं म्हटलं तर तयार नाही, म्हणून आमची वाढ सावकाश. मी लै भांडलो त्याच्याशी. मग लॉकडाऊनमध्ये शेजारचे हप्त्यानं रडायलेत आणि आम्ही दोघं शटर ओढून निवांत चहा पितोय

कडोलीकर: @पाटल्या यात्रा कधी ते सांगितलंच नाहीस की बे

पाटल्या: बे काय, ताई म्हण 😀 वैशाखात. या सगळ्यांनी, बकरी आत्तेभावाची आहेत.

लालमाती: रताळी आणू काय?

पाटल्या: नको!!